वापराच्या अटी मान्य केल्याशिवाय चालत नसेल, तर ते मुक्त सॉफ्टवेअर कसं?

गिरणाकाठ

चाळीसगावच्या आसपासच्या काही शाळांत आणि एका सार्वजनिक वाचनालयात आम्ही मित्रमंडळी जुन्या संगणकांवर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो. ब्राउझर कोणता, यावर आमच्यात कधी चर्चाच झाली नाही. फायरफॉक्सच. मराठीत आहे, तेही स्वयंसेवकांच्या मेहनतीने. सोर्सकोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडा आहे. मागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने त्याला 'वापराच्या अटी' लावल्या आणि तेव्हापासून गटात वाद चालू आहे. इथे कायदा जाणणारे, कोड लिहिणारे, सर्व्हर सांभाळणारे सगळेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची चार स्वातंत्र्यं शून्यापासून मोजतात, आणि शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य म्हणजे प्रोग्राम हवा तसा, हव्या त्या कामासाठी चालवता येणं. त्याच व्याख्येत पुढे असंही आहे की, त्यासाठी प्रोग्राम बनवणाऱ्याशी किंवा आणखी कुणाशी संपर्क साधण्याची गरज पडता कामा नये. आता पहिल्यांदा ब्राउझर उघडल्यावर समोर 'पुढे जा' असं बटण येत असेल आणि ते दाबणं म्हणजे अटींना होकार, तर हे स्वातंत्र्य तिथेच उणं झालं, असं मला वाटतं.

२६ फेब्रुवारीला आलेला पहिला मसुदा मी ओळ न् ओळ वाचला. तीन गोष्टी खटकल्या. एक, फायरफॉक्समधून तुम्ही जे टाइप कराल किंवा अपलोड कराल, ती माहिती वापरण्याचा जगभर लागू, मोबदला न देता मिळणारा परवाना तुम्ही मोझिलाला देताय. दोन, तुमचा वापर मोझिलाच्या 'स्वीकारार्ह वापर धोरणा'त बसला पाहिजे. ते धोरण मुळात त्यांच्या ऑनलाइन सेवांसाठी लिहिलेलं. त्यात लैंगिकतेची किंवा हिंसेची उघड चित्रणं नुसती चढवायलाच नव्हे, उतरवून घ्यायलाही मनाई आहे. म्हणजे आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा मुलगा दुसऱ्या महायुद्धाचे फोटो बघत बसला, तर तो अटभंग करतोय का? तीन, मोझिला कुणाचाही वापर कधीही, कोणत्याही कारणाने थांबवू शकेल.

लोक भडकले आणि दोनच दिवसांत मोझिलाने मजकूर बदलला. परवाना फक्त 'तुम्ही सांगाल ते काम करण्यापुरता', तुमच्या मजकुरावर मालकी नाही, आणि त्या धोरणाचा उल्लेख काढला. इतक्या तत्परतेने ऐकणारी संस्था विरळाच, हे मोकळ्या मनाने मान्य. पण बदलली ती शब्दरचना. अटी आहेत त्या आहेतच.

सिंकचं खातं (बुकमार्क वगैरे सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवणारी सेवा), ॲड-ऑनचं, म्हणजे जोड-सुविधांचं, दुकान, हे त्यांच्या सर्व्हरवर चालतं. तिथे त्यांनी नियम लावावेत, माझी काहीच हरकत नाही. वाचनालयाचं सभासदत्व घेताना आपण नियमांवर सही करतो. विकत घेतलेलं पुस्तक घरी वाचायला प्रकाशकाच्या अटींवर सही करत नाही. माझ्या डिस्कवर, माझ्या विजेवर चालणाऱ्या प्रोग्रामला अटी का?

---

ॲड_मृण्मयी

चांगला धागा. कायदा आणि तत्त्व वेगवेगळे ठेवून बघू.

कायद्याच्या बाजूने मोझिला सुरक्षित आहे. फायरफॉक्सचा कोड मोझिला पब्लिक लायसन्सच्या २.० आवृत्तीखाली आहे, आणि त्याच्या कलम ३.२ मध्ये स्पष्ट मुभा आहे की, तयार बायनरी, म्हणजे सोर्सपासून बनवलेला चालवण्याजोगा प्रोग्राम, तुम्ही वेगळ्या अटींवर देऊ शकता. बंधन एवढंच की, त्या अटींनी सोर्सकोडवरचे घेणाऱ्याचे हक्क कमी होता कामा नयेत. मोझिलाच्या अटींतही लिहिलंय की, त्या फक्त बायनरीला लागू आहेत, सोर्सला नाहीत. त्यामुळे परवान्याचा भंग झाला असं कुणी म्हणत असेल तर ते टिकणार नाही.

जीपीएल (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा स्वतःचा परवाना) असती तर गोष्ट वेगळी. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचं कलम ९ सांगतं की, प्रोग्रामची प्रत मिळवायला किंवा तो चालवायला हा परवाना स्वीकारण्याची गरजच नाही. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिच्यातही सुरुवातीलाच म्हटलंय की, प्रोग्राम चालवण्याच्या क्रियेवर बंधन नाही. परवान्याची गरज लागते ती प्रती वाटताना आणि बदल करताना.

भारतात तर याला कायद्याचाही आधार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार, प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आली आहे त्याने ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरताना केलेली नक्कल हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. संगणक सुरू करून ब्राउझर उघडला की प्रोग्रामची मेमरीत नक्कल होते, ती यातच आली. म्हणजे नुसतं चालवण्यासाठी कॉपीराइटखाली परवानगी मागण्याचं कारण नाही. मग 'अटी मान्य आहेत' हे बटण कशासाठी? तर करारासाठी. परवाना तुम्हाला काहीतरी देतो. करारात तुम्हीही काहीतरी कबूल करता. फाउंडेशननेच आपल्या व्याख्येत इशारा दिलाय की, कॉपीराइटवर उभ्या परवान्यात किती बंधनं घालता येतील याला मर्यादा असते, पण करारातून कितीतरी जास्त बंधनं घालता येतात. गिरणाकाठ यांना जे बोचतंय ते नेमकं इथे आहे, आणि ते बोचणं रास्त आहे.

---

कोडकरी

मी मोझिलाची बाजू घेणार, कारण कुणीतरी घेतली पाहिजे.

आजचा ब्राउझर हा नुसता 'माझ्या डिस्कवरचा प्रोग्राम' राहिलेला नाही. पत्त्याच्या पट्टीत दोन अक्षरं टाकली की सुचवण्या येतात, त्या कुठूनतरी येतात. धोकादायक साइटची यादी कुठूनतरी येते. बाजूच्या पट्टीत एआय चॅटबॉट आलेत. वकील म्हणतात, हे सगळं करायची परवानगी वापरणाऱ्याकडून लेखी घ्या. पहिला मसुदा वाईट होता यात वादच नाही, पण हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. 'आम्ही तुमचा डेटा विकत नाही' हे ठाम वाक्य त्यांनी काढलं, त्यावरही गदारोळ झाला. त्यांचं स्पष्टीकरण असं की, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या कायद्यात 'विक्री'ची व्याख्या फार रुंद आहे. पैशाऐवजी दुसरा काही लाभ घेऊन माहिती दिली तरी ती विक्रीच.

आणि खरी भीती वेगळीच आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सगळे गूगलच्या क्रोमियमवर उभे. ॲपलकडे वेबकिट. या दोन इंजिनांबाहेर (इंजिन म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) जगभर वापरात असलेलं मोठं इंजिन एकच उरलंय, फायरफॉक्सचं गेको. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलच्या सर्च करारातून येतं. तत्त्वासाठी फायरफॉक्स सोडत गेलो आणि गेको मेलं, तर तुमचं शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य कुठल्या ब्राउझरवर वापरणार?

शाळांसाठी सोपा मार्ग आहे. फायरफॉक्सला पॉलिसी फाइल, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंगची फाइल, देता येते. त्यात 'स्किपटर्म्सऑफयूज' ट्रू करा, अटींचा पडदा दिसणारच नाही.

---

पुणेरी_टक्स

मोझिलाने हे पहिल्यांदा केलेलं नाही, ही आठवण करून देतो. २००८ मध्ये उबुंटू या लिनक्स-संचाच्या ८.१० आवृत्तीची चाचणी चालू होती. त्यात फायरफॉक्स पहिल्यांदा उघडलं की वापर-कराराची खिडकी यायला लागली. 'फायरफॉक्स' हे नाव वापरायचं तर हा करार दाखवावा लागेल, अशी मोझिलाची अट. उबुंटूवाल्यांनी बग नोंदवला, त्यावर चिडलेल्या प्रतिक्रियांचा ढीग पडला, आणि सप्टेंबरमध्येच मोझिलाने करार मागे घेतला. त्याच्या जागी 'अबाउट:राइट्स' हे पान आलं. त्यात तुम्हाला काय कबूल करायचंय हे नव्हतं, तुमचे हक्क काय आहेत हे होतं. मला ते पान फार आवडायचं. मान्य करायला काही नाही, फक्त वाचायचं.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात क्रोम आलं. त्याच्या अटींतल्या कलम ११ मध्ये होतं की, क्रोममधून तुम्ही जे पाठवाल किंवा दाखवाल त्याचा कायमस्वरूपी, जगभराचा, मोबदला न देता मिळणारा परवाना गूगलला. तेव्हाही लोक ओरडले, आणि गूगलने कलम लगेच काढलं; म्हणाले, दुसऱ्या सेवांच्या अटींतून ते तसंच उचललं गेलं होतं. सतरा वर्षांनी मोझिलाच्या वकिलांनी जवळपास तीच वाक्यरचना पुन्हा वापरली, याचं मला खरंच वाईट वाटलं.

नावाचा मुद्दाही इथेच येतो. कोड मुक्त आहे, पण 'फायरफॉक्स' हा ट्रेडमार्क आहे. २००६ मध्ये डेबियन या दुसऱ्या लिनक्स-संचाला आपल्या दुरुस्त्यांसह ते नाव वापरू देईनात, म्हणून डेबियनने त्याचं 'आइसवीझल' करून टाकलं आणि २०१६ पर्यंत तेच चाललं. म्हणजे अटी नको असतील तर वाट आहे: सोर्स घ्या, नाव बदला, त्यापासून चालणारा प्रोग्राम स्वतः बिल्ड करा. लिब्रवुल्फ आणि ग्नू आइसकॅट हे ब्राउझर हेच करतात. मुक्त परवान्याची ताकद ती हीच. पण दर काही आठवड्यांनी येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या त्यांना मागोमाग घ्याव्या लागतात, आणि ते काम मूठभर लोक करतात.

---

नर्मदेश्वर

+१. आणि फायरफॉक्सच का धरून बसलोय? व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा कोड-एडिटर इथे निम्मे लोक वापरत असतील. कोड एमआयटी या मुक्त परवान्याखाली, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली बायनरी त्यांच्या स्वतःच्या परवान्याखाली, आणि त्यांच्या मार्केटप्लेसमधली एक्स्टेन्शन दुसऱ्या एडिटरमध्ये वापरायला मनाई. त्याच कोडपासून बनवलेलं व्हीएसकोडियम जन्मलं ते त्याचसाठी.

---

श्रवणवेल

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या गटात काम करते. वाचणाऱ्यांत शाळेतली मुलंही असतात. सातवीतली एक मुलगी भूगोलाचे धडे इतके सुरेख वाचते की संपादनाला फार काही उरत नाही. आमचं सगळं काम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामवर.

२०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी घेतलं आणि जुलैमध्ये नवं गोपनीयता धोरण लावलं. त्यात होतं: तुमचं वय तेरापेक्षा कमी असेल तर कृपया हे ॲप वापरू नका. मी ते वाचून सुन्न झाले. ऑडॅसिटी जीपीएलखाली आहे. वर मृण्मयीताईंनी लिहिलंय तसं, जीपीएलमध्ये चालवण्यावर बंधनच नाही, आणि पुढे वाटताना कुणी जादा बंधन घालू शकत नाही. मग बारा वर्षांच्या मुलीने भूगोलाचा धडा रेकॉर्ड करू नये हे सांगणारे हे कोण? कंपनीची अडचण अशी होती की, ॲप अपडेट तपासायला आणि क्रॅशची माहिती पाठवायला इंटरनेटवर जाणार, तिथे आयपी पत्ता जाणार, आणि मुलांची माहिती घ्यायची तर परदेशी कायदे कडक आहेत. ठीक. पण मग मुलांसाठी ते इंटरनेटवर जाणं बंद ठेवा, मुलांना बंद करू नका.

फोर्क, म्हणजे त्याच कोडच्या वेगळ्या शाखा, निघाले, त्यातला टेनॅसिटी अजून ऐकू येतो. कंपनीने माफी मागितली, धोरण नव्याने लिहिलं आणि तेराची अट काढली. आम्ही ऑडॅसिटीवरच राहिलो, अपडेटची तपासणी तेवढी बंद करून. त्या आठवड्यात आमच्यातल्या एका शिक्षिकेने पालकांकडून लेखी संमती घ्यायची का, असं विचारलं होतं. आवाज रेकॉर्ड करण्याचं सॉफ्टवेअर वापरायला पालकांची संमती! अशी शंका चांगल्या माणसांच्या मनात घालणं, हे या अटींचं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

---

गिरणाकाठ

@कोडकरी, पॉलिसीची सूचना वाचली आणि लगेच तिचं वर्णन काढून बघितलं. तुम्ही म्हणता तसं पडदा दिसत नाही हे खरं. पण त्याच परिच्छेदात पुढे आहे: ही पॉलिसी लावणारा असं जाहीर करतो की त्याला अटी मान्य आहेत, आणि ज्यांना-ज्यांना तो हा ब्राउझर वापरायला देतो त्या सगळ्यांच्या वतीने अटी मान्य करण्याचा अधिकार त्याला आहे.

म्हणजे मी एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली, की आठ-दहा गावांतल्या मुलांच्या वतीने मी करार केला. मी त्यांचा शिक्षकही नाही. माझ्याकडे हा अधिकार कुठून आला?

---

ॲड_मृण्मयी

नाहीये तुमच्याकडे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ११: अज्ञान (म्हणजे अठराच्या आतली) व्यक्ती करार करायला पात्र नाही. १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय) स्पष्ट केलं की, अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य. पालक त्याच्या हितासाठी काही करार करू शकतात, पण रविवारी येऊन लिनक्स टाकणारा कार्यकर्ता पालक होत नाही. शाळेने पालकांकडून तसं काही घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी. मी अजून एकाही शाळेत ते पाहिलेलं नाही.

मुक्त परवान्याचं मोठेपण अशा वेळी कळतं. तो मुलाकडून काहीच कबूल करून घेत नाही, म्हणून मूल अज्ञान आहे की सज्ञान हा प्रश्नच उभा राहत नाही. सहावीतल्या मुलाला लिब्रऑफिस वापरायला कुणाची सही लागत नाही. अटी आल्या की वय आलं, अधिकार आला, पुरावा आला.

डेटाबद्दलही सांगते, कारण दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं, आणि त्याच्या डेटासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी लागते. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्यात मराठी आहे. डेटा घ्यायचा असेल तर त्या त्या वेळी, त्या त्या कामापुरती, समजेल अशा भाषेत संमती विचारा. प्रोग्राम उघडण्याच्या दारात एकगठ्ठा होकार घेणं ही संमती म्हणून फार कमकुवत गोष्ट आहे.

---

डब्लिनकर

मी सर्व्हरच्या बाजूचा माणूस, म्हणून लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीचा विषय काढतो. जून २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स यापुढे सगळ्यांसाठी उघड ठेवणार नाही. बाहेरच्यांसाठी सेंटओएस स्ट्रीम ही विकासातली आवृत्ती, नेमक्या आवृत्तीचा सोर्स फक्त ग्राहकांना. जीपीएलप्रमाणे ज्याला बायनरी दिली त्याला सोर्स द्यायचा, तो ते देतात. पण ग्राहकाशी केलेल्या सबस्क्रिप्शन कराराच्या जोरावर, सोर्स पुढे वाटणाऱ्याची सबस्क्रिप्शन बंद करायची मोकळीक ते स्वतःकडे ठेवतात. वाटायचा हक्क कागदावर शाबूत. तो वापरलात तर पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या गेल्या. त्याच सोर्सवरून बनणाऱ्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोघांनाही आपापली वाट बदलावी लागली.

ज्या ऑफिसात पगार कापला जात नाही पण तक्रार केली की बढती थांबते, तिथे तक्रारीचा हक्क किती जण वापरतात ते आपण पाहतोच. मोझिलाच्या अटींपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं, कारण इथे स्वातंत्र्य वापरण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत परवान्यात कुठे लिहिलेली नसते.

---

कोडकरी

@गिरणाकाठ, पॉलिसीतलं ते वाक्य मी इतक्या बारकाईने वाचलं नव्हतं. कंपनीच्या लॅपटॉपसाठी ते चालेल, शाळेसाठी नाही, पटलं. गेकोबद्दलची माझी भीती मात्र कायम आहे. लिब्रवुल्फ टाकलंत तरी इंजिन गेकोच राहील, ही त्यातली चांगली बाजू. पण अपडेटची जबाबदारी कुणीतरी नाव लावून घ्या. बिनअपडेटचा ब्राउझर मुलांच्या हातात देणं हे कुठल्याही अटीपेक्षा वाईट.

---

नर्मदेश्वर

अवांतर होईल, पण एआय मॉडेलं हीच गोष्ट आणखी पुढे नेतायत. मेटाच्या लामाला सगळीकडे 'ओपन सोर्स' म्हणतात. त्याच्या परवान्यात कशासाठी वापरायचं नाही हे सांगणारं धोरण आहे आणि महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असणाऱ्या कंपन्यांनी वेगळी परवानगी घ्यायची. 'ओपन सोर्स'ची व्याख्या ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने स्पष्ट सांगितलंय की, हे ओपन सोर्स नाही. त्यांच्या व्याख्येत वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करायला मनाईच आहे. वाईट कामाला मनाई करणारी अट ऐकायला चांगली वाटते. जेसन लायसन्स या परवान्यातही 'चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको' एवढंच होतं, आणि डेबियनने तेवढ्यावरून तो कोड मुक्त मानायला नकार दिला. चांगलं-वाईट कोण ठरवणार, हाच तर प्रश्न.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. काल गटात बसून ठरवलं ते लिहितो.

शाळांमध्ये ती पॉलिसी लावायची नाही आणि मुलांच्या वतीने कुठल्याही अटी मान्य करायच्या नाहीत. तिथे लिब्रवुल्फ. अपडेटची जबाबदारी माझी आणि धुळ्याच्या एका मित्राची. मुख्याध्यापकांकडे आमचे दोघांचे फोन नंबर देऊन ठेवले आहेत, आणि अपडेट रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यातून) आपोआप येतील अशी सोय केली आहे. वाचनालयात सज्ञान लोक येतात, तिथे फायरफॉक्स राहील, पण पडदा लपवायचा नाही. ज्याला मान्य असेल त्याने स्वतः दाबावं. शेजारी अटींचा मराठीत सारांश छापून लावतोय. मृण्मयीताई, कच्चा मजकूर तुम्हाला निरोपात पाठवला आहे, तपासून द्याल का?

मोझिलाच्या मंचावरही लिहिणार आहे: शाळांसाठी, कुणाच्याही वतीने होकार न देता, सेवा बंद ठेवून चालणारी बायनरी द्या. २००८ मध्ये त्यांनी ऐकलं होतं. ज्यांना सही करायची असेल त्यांनी इथे कळवा.

एक अडचण बाकी आहे. लिब्रवुल्फवर मराठी भाषापॅक बसवून कुणी रोज वापरत असेल, तर अपडेटनंतर इंटरफेस इंग्रजीत परत जातो का ते सांगा. पाचवीच्या वर्गात इंग्रजी मेनू चालणार नाही.